मालीशवाल्या मावशी : कोथरूडमधील चार महिन्यांच्या सेवेविषयी

बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला बाई ठरवाव्यात की नाही, हा विषय पुण्यात सातवा महिना लागला की घरोघरी निघतो. आमच्याही घरी निघाला. आईचे म्हणणे होते की बाई हव्यातच. आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर म्हणाल्या की हरकत नाही, मात्र काय करायचे नाही ते मी लिहून देते. मी स्वतः त्या वेळी या गोष्टीकडे केवळ एक रीत म्हणून पाहत होते. आता लेक साडेचार महिन्यांची झाली आहे आणि मावशींचे काम गेल्या आठवड्यात संपले आहे. या काळात ओळखीच्या तीन गरोदर मैत्रिणींनी मला हेच विचारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते : मावशींचा हात उत्तम होता, पण त्याहून मोलाची होती ती विचारून हात लावण्याची त्यांची सवय, आणि ही सवय ज्यांना नाही अशा बाईंना, त्या कितीही सराईत असल्या तरी, मी पुन्हा घरी बोलावणार नाही.

लेकीचा जन्म नोव्हेंबरच्या मध्यावर सिझेरियनने झाला आणि जन्मतः तिचे वजन 2 किलो 600 ग्रॅम होते. माझे माहेर नाशिकचे, पण डॉक्टर पुण्यातल्या असल्यामुळे मी माहेरी न जाता आईच इकडे आली. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आम्ही फ्रिजवर चिकटवला होता. नाळ पडेपर्यंत अंग फक्त पुसून घ्यावे आणि नाळेला तेल, हळद किंवा राख असे काहीही लावू नये. नाकात, कानात, डोळ्यांत तेल घालू नये. छातीच्या गाठी दाबू नयेत. दूध पाजल्यानंतर तासभर तरी मालीश करू नये. ताप असेल तर आंघोळ टाळावी, असे त्यात होते. मालिशीला त्यांचा विरोध नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 मधील शिफारशींतही पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला हलक्या हाताने मालीश करायला हरकत घेतलेली नाही. पहिली आंघोळ मात्र जन्मानंतर निदान 24 तास लांबवावी, असे त्यांत सांगितले आहे.

आमची सुरुवात चांगली झाली नाही. मालीशवाल्या बाई पुरवणाऱ्या एका संस्थेकडे आम्ही प्रसूतीआधीच 26 दिवसांचे पैसे भरून ठेवले होते. तिचे नाव मी येथे देत नाही. सातव्या दिवसापासून काम सुरू झाले आणि पाच दिवसांत तीन निरनिराळ्या बाई आल्या. पहिल्या बाई समंजस होत्या, पण त्या दुसऱ्याच दिवशी येईनाशा झाल्या. दुसऱ्या बाईंनी मला काही कळण्याच्या आत बाळाच्या नाकपुडीत तेलाचे दोन थेंब सोडले आणि वर फुंकर मारली. तिसऱ्या बाई बाळाच्या छातीवरच्या लहानशा गाठी चिमटीत धरून पिळू लागल्या, कारण त्यांतले दूध काढले नाही तर पुढे त्रास होतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे नवजात मुला-मुलींच्या छातीला अशी सूज येते आणि काही आठवड्यांत ती आपोआप उतरते. दाबल्याने मात्र तिथे जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते. नाकात घातलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले तर त्यातून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. फ्रिजवरचा कागद मी दाखवला, तेव्हा त्या बाई म्हणाल्या की वीस वर्षे हेच करते आहे. मी त्यांना तिथेच थांबवले आणि संस्थेला फोन केला. उरलेल्या दिवसांचे पैसे आम्हाला परत मिळाले नाहीत.

मावशींचे नाव आम्हाला आमच्या सोसायटीतल्या एका आजींकडून कळले, कारण त्यांच्या दोन्ही नातवंडांना मावशींनीच न्हाऊ घातले होते. मावशी सुतारदऱ्याला राहतात, सकाळी साडेसातला घर सोडतात आणि डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी अशी चार घरे करून दुपारी परततात. त्या पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी बाळाला हातच लावला नाही. आधी हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या, नखे दाखवली आणि मग माझ्याजवळ बसून प्रश्न विचारायला लागल्या. बाळ किती दिवसांचे, किती वजनाचे, नाळ पडली का, कावीळ झाली होती का, दूध नीट ओढते का, माझे टाके कधी निघाले, टाक्यांतून पाणी येते का, डॉक्टरांनी काय नको म्हटले आहे. फ्रिजवरचा कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, ‘‘ताई, तुमच्या डॉक्टरांचं आणि माझं एकच मत झालं पाहिजे, नाहीतर रोज कटकट व्हायची. जे नको ते आत्ताच सांगून टाका.’’ संस्थेच्या तिन्ही बाईंच्या तोंडून असे एकही वाक्य मी ऐकले नव्हते.

त्यांचे काम मी सोळाव्या दिवसापासून रोज जवळून पाहिले. शेवटचे पाजणे होऊन तास झालेला असे, तेव्हाच त्या सुरुवात करत. त्या आधी खोलीची खिडकी लावून घेत, पंखा बंद करत, दुपटे, लंगोट, झबले, टोपरे आणि कुंची हे सारे लागेल त्या क्रमाने पलंगावर मांडून ठेवत आणि मगच बाळाला उघडे करत. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे दहा अंशांच्या आसपास येतो, त्यामुळे ओल्या अंगाने बाळ क्षणभरही खोळंबू नये हा त्यामागचा हेतू होता. तेल आम्ही घाण्याचे खोबरेल वापरले. मोहरीचे तेल काही घरांत वापरतात, पण ते नाजूक त्वचेला झोंबते म्हणून मावशी स्वतःच ते नको म्हणतात. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचे, ते आधी स्वतःच्या तळहातावर घ्यायचे, दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे आणि मग बाळाला लावायचे, हा त्यांचा नेम एकदाही मोडलेला मी पाहिला नाही. बाळावर थेट तेल ओतणे त्यांना अजिबात आवडत नाही.

मालीश पायांपासून सुरू होते. मांडीपासून पावलापर्यंत, मग तळव्यावर अंगठ्याने गोल, मग एकेक बोट. पोटावर हात नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, कारण मोठे आतडे त्याच दिशेने वळलेले असते आणि त्यामुळे वायू पुढे सरकायला मदत होते. त्यानंतर सायकल चालवल्यासारखे पाय पोटाशी नेणे आणि सोडणे. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी सहा ते आठ लेक पाय पोटाशी घेऊन जीव काढून रडत असे. त्या दिवसांत मावशींनी शिकवलेला हा पायांचा व्यायाम आम्ही संध्याकाळीही केला आणि त्याने तिला खरोखर आराम पडत होता. पाठीसाठी त्या बाळाला आडवे आपल्या मांड्यांवर पालथे घेत आणि डोके एका बाजूला वळवून ठेवत. छातीवर दोन्ही हातांची आणि मग विरुद्ध हाता-पायांची घडी घालायची असते, ती मात्र त्यांनी दीड महिन्यापर्यंत केली नाही, आणि केली तेव्हाही बाळाने अंग ताठ केले की लगेच सोडली. घोटे धरून बाळाला उलटे लटकवणे, उंच उडवणे, नाक चिमटीत ओढून सरळ करणे, डोके दाबून गोल करणे हे प्रकार अजूनही सर्रास चालतात. मावशींनी त्यांतले काहीही केले नाही.

आंघोळ मोरीत पाटावर बसून, पाय लांब सोडून, बाळाला नडग्यांवर पालथे आणि मग उताणे घेऊन. ही पद्धत पाहताना मला पहिल्या दिवशी फार भीती वाटली होती. आता मला ती प्लास्टिकच्या टबापेक्षा सुरक्षित वाटते, कारण बाळाच्या दोन्ही बाजूंना पाय असतात, डोके घोट्यांपाशी किंचित वर राहते, एक हात सतत बाळावर असतो आणि अंगावरचे पाणी वाहून जाते. आईने नाशिकहून आणलेले तांब्याचे घंगाळ फार वर्षे माळ्यावर पडून होते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेऊन आम्ही ते उजळून आणले होते आणि त्यातच मावशी पाणी विसणत. आधी गार पाणी, त्यात कढत, मग कोपर बुडवून पाहायचे, मग पहिला तांब्या स्वतःच्या पायावर. मी एकदा थर्मामीटर घालून पाहिला, तर पाणी 37 अंश भरले. नंतर मी पुन्हा थर्मामीटर काढला नाही. डाळीचे पीठ आणि साय लावून अंगावरची लव काढण्याचा आईचा आग्रह होता. लव काही आठवड्यांत आपोआप जाते आणि पिठाने घासल्यास कातडी सोलवटते, असे मावशींनी आईला इतक्या आदराने सांगितले की आईने तो विषय परत काढला नाही. साबण त्या एक दिवसाआड आणि तोही मांडीच्या घड्या, काख, मान एवढ्यापुरताच लावत.

टाळू भरण्याविषयी स्वतंत्र लिहायला हवे, कारण याच बाबतीत घरातल्या वडीलधाऱ्यांशी सर्वांत जास्त बोलणे होते. डोक्याच्या हाडांमधली ही मऊ जागा तेलाने भरत नाही. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत आणि पुढची मोठी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत, कवटीची हाडे वाढता वाढता आपली आपण मिटते. मावशी टाळूवर तेलाचा हात फिरवतात, पण दाब देत नाहीत आणि तेल थापत नाहीत. मात्र रोज हात फिरवल्यामुळे त्यांना एक गोष्ट कळते, ती त्यांनी मला शिकवली : शांत, उभ्या धरलेल्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजावे, फुगून ताठ झालेली दिसली तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारले आणि त्यांनी दोन्ही गोष्टी बरोबर असल्याचे सांगितले.

सगळ्याच बाबतींत आमचे जुळले असे मात्र नाही. बाळगुटीवर मावशींचा विश्वास आहे. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांचे मोजून वेढे उगाळावेत आणि आईच्या दुधात चाटवावेत, असे त्या दोन-तीनदा म्हणाल्या. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा द्यायचे नाही हे आम्ही ठरवले होते, आणि मधाला तर वर्षभर हातही लावायचा नव्हता, कारण मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. मावशींना हे पटले नाही, तरी त्यांनी ते पाळले. धुरीचेही तसेच. ओवा, वेखंड आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून बाळाला शेक-धुरी देणे ही त्यांच्या कामाची नेहमीची अखेर असते. बंद खोलीतला निखाऱ्यांचा धूर लहानशा फुप्फुसांना घातकच, त्यामुळे आम्ही त्याऐवजी फक्त गरम दुपट्यात गुंडाळून घेत होतो. काजळाची तीट त्यांनी कपाळावर न लावता तळपायाला लावली. डोळ्यांत घालायचे नाही हे आधीच ठरले होते, कारण बाजारातल्या काजळात शिसे सापडते. टाल्कम पावडर आम्ही घरातच ठेवली नाही. या सगळ्यांत त्यांनी एकदाही तोंड वाकडे केले नाही, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण रोज तासभर घरात येणाऱ्या माणसाशी मतभेद झाले तर ते कसे निभावतात यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

त्यांच्या नजरेचा सर्वांत मोठा उपयोग आम्हाला सातव्या आठवड्यात झाला. तेल लावताना त्या अचानक थांबल्या, बाळाच्या डाव्या कानापाशी चुटकी वाजवली, मग उजव्या कानापाशी वाजवली आणि म्हणाल्या, ‘‘ताई, ही कायम उजवीकडंच बघते. डावीकडं मान नेली की कुरकुरते. पाळणा कुठं लावलाय बघू.’’ पाळण्याची डावी बाजू भिंतीला होती. खिडकी, आमचा पलंग आणि माणसांची येजा असे सगळेच उजवीकडे. डोक्याचा उजवा मागचा भाग किंचित चपटा झाला होता आणि आम्हा तिघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. आईने अशा वेळी करतात त्याप्रमाणे मोहरीची उशी शिवायला घेतली. मावशींनीच ती नको म्हटले आणि आधी डॉक्टरांना दाखवा असा आग्रह धरला. डॉक्टरांनी मानेच्या एका बाजूचा स्नायू आखडल्याचे निदान केले, मानेचे हलके व्यायाम शिकवले, झोपताना उशी कोणतीच नको हे बजावले, कारण मऊ उशीत तोंड दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो, आणि जागेपणी दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे ठेवायला सांगितले. आम्ही पाळण्याची दिशा बदलली. मावशी रोज मालिशीच्या वेळी स्वतः बाळाच्या डाव्या बाजूला बसून बोलू लागल्या. तिसरा महिना संपला तेव्हा लेक दोन्हीकडे सारखीच मान वळवत होती आणि डोक्याचा आकारही बराच सुधारला होता. आम्ही रोज पाहत होतो, तरी आम्हाला दिसले नाही. त्यांनी आजवर इतकी बाळे हाताळली आहेत की त्यांना ते हातालाच लागले.

लसीकरणाच्या दिवसांचेही त्यांना चांगले भान होते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या लशी आम्ही महापालिकेच्या दवाखान्यात मोफत घेतल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मावशी मांडीला हात लावत नसत. ताप असेल तर नुसते अंग पुसून देत. डाव्या दंडावर बीसीजीची पुळी आली, तेव्हा मी घाबरले होते. ही लस दिल्यानंतर काही आठवड्यांनी अशी पुळी येणे, ती फुटणे आणि तिचा व्रण राहणे अपेक्षितच असते. मावशींनी ती पाहताच तेथे तेल जाऊ नये म्हणून मालीश दंडाच्या खालपासून सुरू केली.

आता माझ्याविषयी. बाळंतिणीच्या मालिशीकडे मी लाड म्हणून पाहत होते, ते माझे चुकले. सिझेरियनमुळे पहिल्या सहा आठवड्यांत त्यांनी पोटाला अजिबात हात लावला नाही आणि पोट आवळून बांधण्याचाही आग्रह धरला नाही. पाठ, खांदे, मान, पाय आणि डोके एवढेच. दिवसातून दहा-बारा वेळा पाजण्यासाठी वाकून बसलेल्या खांद्यांना त्या हातांनी काय वाटत असे, ते लिहून सांगता येणार नाही. पोटऱ्या चोळण्याआधी त्या रोज दोन्ही पोटऱ्या हाताने चाचपत. एखादीच सुजलेली, लाल किंवा गरम लागली तर चोळायचे नसते, डॉक्टरांकडे जायचे असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून हा नियम जिवाच्या मोलाचा आहे.

त्यानंतर कढत पाण्याने आंघोळ होई, केस पुसले जात आणि मी झोपत असे. बाळ आंघोळ करून, दूध पिऊन, कुंचीत गुरफटून दोन-अडीच तास गाढ झोपे, आणि तेवढाच वेळ मलाही सलग झोप मिळे. चोवीस तासांत ती एकच सलग झोप होती. तिसऱ्या आठवड्यात मला विनाकारण रडू येत असे. एके दिवशी मावशी माझ्या डोक्याला तेल लावत असताना मी रडत होते आणि त्यांनी काही न विचारता हात चालू ठेवला. जाताना आईला मात्र त्या बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘आज्जी, रात्रीचं एक पाजणं वाटीत काढून ठेवा आणि चमच्यानं तुम्ही पाजा, तिला झोपू द्या. दोन आठवड्यांत हसली-बोलली नाही तर डॉक्टरांना सांगा.’’ आई आणि माझे यजमान यांनी रात्री वाटून घेतल्या आणि आठ-दहा दिवसांत मी सावरले. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे आपल्याकडे अजूनही मोकळेपणाने बोलले जात नाही. ते त्या बाईंनी ओळखले आणि योग्य माणसाच्या कानावर घातले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तक्रारी आहेत आणि त्या सांगणे आवश्यक आहे. वेळ ही सर्वांत मोठी. ठरलेली वेळ साडेनऊची होती, प्रत्यक्षात मावशी नऊ ते पावणेअकरा यांच्या दरम्यान कधीही येत, कारण आधीच्या घरी बाळ झोपलेले असले तर तिथे त्यांना थांबावे लागे. मग आमचे बाळ भुकेने रडू लागे, पाजले की पुन्हा तासभर थांबणे आले आणि पुढची सगळी घडी विस्कटे. तिसऱ्या आठवड्यानंतर निघताना फोन करायचे ठरले, त्याने त्रास कमी झाला पण पूर्ण गेला नाही. चार महिन्यांत त्यांनी आठ दिवस सुट्टी घेतली; त्यांपैकी तीन वेळा सकाळी निरोप आला आणि बदली बाई मिळाली नाही. घरात सर्दी-खोकला असताना न येण्याचे मी पहिल्याच दिवशी बोलून ठेवायला हवे होते. एकदा त्या नाक बांधून आल्या, तेव्हा मला दारातूनच त्यांना परत पाठवावे लागले आणि दोघींनाही वाईट वाटले. मी त्या दिवसाचे पैसे दिले. तेलाने खराब होणाऱ्या चादरी, दुपटी आणि मोरीची निसरडी फरशी यांची आधीच तयारी ठेवावी. आम्ही तुळशीबागेतून सुती दुपट्यांचा दुसरा संच आणला आणि मोरीत रबरी चटई टाकली.

पाणी तापवण्याच्या सोयीकडे तर बाई येण्यापूर्वीच लक्ष द्यावे. पुण्यात कित्येक घरांत गॅस गिझर न्हाणीघरातच बसवलेला असतो. दार-खिडकी लावून तो चालू ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे कळत नाही आणि माणूस बेशुद्ध होतो. थंडीत बाळासाठी सगळे बंद करण्याकडेच कल असतो, म्हणून धोका अधिक. आमचा गिझर आम्ही बाळ घरी येण्यापूर्वी बाहेरच्या कोरड्या बाल्कनीत हलवून घेतला. मावशींनी पहिल्या दिवशी मोरी पाहिली, तेव्हा त्यांनीही पहिला प्रश्न हाच विचारला होता.

खर्चाचा हिशेब असा. बाळ आणि बाळंतीण मिळून रोजचे 550 रुपये, असे पहिले 40 दिवस. त्याचे 22,000 झाले. पुढचे 70 दिवस फक्त बाळाचे, रोज 250 रुपयांप्रमाणे 17,500. एकूण 39,500 रुपये, शिवाय बारशाला साडी. सुट्टीच्या दिवसांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. रक्कम लहान नाही आणि प्रत्येक घराला ती जमेल असेही नाही. ज्यांना इतके दिवस परवडत नसेल त्यांनी पहिले पंधरा-वीस दिवस बाई ठेवून, त्या काळात त्यांच्याकडून सगळे शिकून घ्यावे, असे मी मनापासून सुचवेन. बाळाला मालिशीचा जो फायदा होतो तो घरच्या माणसाच्या हातूनही होतो. उलट आई-वडिलांचा हात त्याला अधिक ओळखीचा असतो. चार महिने बाई हव्यातच असे नाही. मला त्या चार महिने हव्या होत्या, कारण माझी आई दोन महिन्यांनी परत गेली आणि माझे यजमान सकाळी आठला हिंजवडीला निघतात.

शिकवण्याबाबत मावशींइतका उदार माणूस मी पाहिला नाही. बहुतेक बाई आपली पद्धत हातची राखतात, कारण तेच त्यांचे पोट आहे. मावशींनी शेवटच्या महिन्यात दर रविवारी यजमानांना पाटावर बसवले. पहिल्या रविवारी त्यांनी फक्त पाय लांब करून बसायचे आणि मावशी बाळ त्यांच्या नडग्यांवर देऊन स्वतः पाणी घालायच्या. दुसऱ्या रविवारी तांब्या यजमानांच्या हातात आला. तेलकट बाळ हातातून निसटेल या भीतीने ते तिला फार घट्ट धरत होते, तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘‘दादा, पकडू नका. हात नुसता खाली ठेवा, तीच तुमच्यावर विसंबते.’’ तिसऱ्या रविवारी त्या हात न लावता दारात उभ्या राहिल्या.

चौथ्या रविवारी मावशींचा शेवटचा दिवस होता. यजमानांनी घंगाळात कोपर बुडवले, पहिला तांब्या स्वतःच्या पायावर ओतला आणि मग लेकीच्या पाठीवर. मानेच्या घडीत राहिलेले तेल मावशींनी दारातूनच बोटाने दाखवले. कुंची बांधून झाल्यावर त्यांनी ओट्यावरच्या बांगड्या चढवल्या, पदर खोचला आणि पुढच्या घरी गेल्या. तिथे अकरा दिवसांची जुळी मुले आहेत, आणि आणखी एक घर त्यांनी मे महिन्यासाठी शब्द देऊन ठेवले आहे; त्यांना बोलवायचे असेल तर सातव्या महिन्यातच सांगून ठेवावे लागेल.